विनवणीची कोंबडी

ओतिलिया चिग्वायकडे कुणी काही मागितलं आणि ती नाही म्हणाली, असं केल्योन बंदरात कुणाला आठवत नाही. शेजारणीनं कुऱ्हाड मागितली तर ही कुऱ्हाड देई, आणि वर जाऊन सरपणही फोडून देई. लहानपणी आउचाल बेटावर तिची आई क्लोरिंदा म्हणायची, "देवानं ह्या पोरीला समदं दिलं, पन मान दिली ती निस्ती वर-खाली हलनारी. आडवी हलतच न्हाई बया."

तेव्हा ते हसण्यावारी गेलं. पोरगी गुणाची आहे, कुठेही नांदेल, असं म्हणाले लोक.

आता ओतिलिया पन्नाशीला टेकली होती. नवरा दक्षिणेला पुंता आरेनासकडे कामाला गेला तो तिकडचाच होऊन बसला. चिलोएच्या ह्या बेटांत असे नवरे पुष्कळ. ती सॅल्मन माशाच्या कारखान्यात काटे उपसायच्या पट्ट्यावर उभी राहायची. पट्ट्यावरून माशाचे गुलाबी तुकडे सरकत येत; डाव्या हातानं मांस चाचपायचं, काटा लागला की उजव्या हातातल्या चिमट्यानं ओढायचा. थंडी अशी की बोटं आपली की शेजारणीची हे कळू नये.

शेजारणीचं नाव नोल्फा बार्रिया. तिचं तोंड म्हणजे कोयता. पोरगं तापलंय असा निरोप आला की ती हातमोजे काढून पट्ट्यावर आपटायची. "माझं पोर रडतंय. तुमचा मासा मेलेलाच हाय, त्याला कसली घाई?" असं ओरडून चालू पडायची. दोनदा तिला कामावरून काढलं, दोनदा माणसं कमी पडली म्हणून परत बोलावलं. घरी गेली की ती कारखाना विसरायची, कारखान्यात आली की घर विसरायची, आणि दोन्हीकडे मोठ्यानं हसायची.

ओतिलियाचं तसं नव्हतं. पट्ट्यावर उभी असली की तिला बेटावरची एकटी आई दिसे; आणि वर्षाकाठी कधी बेटावर गेलीच, तर आईच्या चुलीपाशी बसून तिला पट्टा दिसे, आपल्या जागी उभी असलेली कुणीतरी नवखी पोर दिसे, तिनं सोडलेले काटे दिसत. दोन्हीकडे ती अर्धी. विचारलं तर म्हणे, "कुठं काय?" पण दात आवळून आवळून तिच्या मागच्या दाढा फुटल्या होत्या. डाव्या बाजूनं चावता येत नसे. तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नोल्फाला कळलं ते ती मटणाचा तुकडा गालात धरून बसलेली दिसली म्हणून.

"अगं, एकदा किंचाळ की," नोल्फा म्हणायची. "दाढंपरीस शिवी सवस्त पडती."

ओतिलिया हसायची, तोंड मिटून.

बेटांवरची माणसं ही. बटाटे काढायचे असोत, छप्पर शाकारायचं असो, होडी ओढून वर घ्यायची असो, मिंगा घालतात. म्हणजे सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पण सावडीला माणूस असंच बोलवत नाहीत. विनवणीला जावं लागतं. भाजलेली कोंबडी घ्यायची, चिचाचा, म्हणजे सफरचंदाच्या आंबट दारूचा, बुधला घ्यायचा, दारात टोपी काढून उभं राहायचं आणि म्हणायचं, 'विनवणी घेऊन आलोय.' घरच्यानं पेला पुढे केला आणि ओठाला लावला, म्हणजे आला. मग पाऊस असो, ताप असो, सुईण दारात असो, आला म्हणजे आला. आणि ज्याच्याकडून हात घेतला त्याला हात परत द्यायचा, हे काही बोलून दाखवायचं नसतं. पेला उपडा घातला तर नाही. पण पेला उपडा घालणाऱ्याच्या शेतात पुढे कुणी पाय ठेवत नाही.

एक मात्र आहे. घरात विनवणी नसते. घरच्यांना हाक मारतात.

पट्ट्यावरचा मुकादम एरिबेर्तो कार्कामो असल्याच एका बेटावरचा. त्याचा वरचा साहेब शहरातून आलेला, दर वर्षी नवा. मासा भरून आला की साहेब भिंतीवर कागद लावायचा, जादा पाळीला या म्हणून. कागदाला कोण विचारतंय? चार जणी यायच्या, पट्टा अर्धा रिकामा. मग एका हंगामात एरिबेर्तोनं आपल्या डोक्यानं एक गोष्ट केली. बुधला काखेत मारला आणि घरोघर विनवणीला निघाला.

तो ओतिलियाच्या दारात आला तेव्हा नोल्फा आत चुलीपाशी माते, म्हणजे पाल्याचा कडू काढा, पीत बसलेली. एरिबेर्तोनं टोपी काढली. टोपीतून पाणी गळत होतं.

"ओतिलियाबाई, विनवणी घेऊन आलोय."

"कुनाच्या रानाची?" नोल्फानं आतूनच विचारलं. "तुझ्या, का कारखान्याच्या?"

"तू गप गं. मी हिला विचारतोय."

"न्हाई, म्हंजी उद्या माझ्या परसात बटाटं काढायला कारखाना येनार का, तेवढंच सांग. धुराडं पुढं धरून येईल का, का साहेब येईल कुदळ घेऊन?"

एरिबेर्तो हसला, पण त्याची नजर ओतिलियावर होती. ओतिलिया उठली. फळीवरचा पेला काढला, एप्रनला पुसला, त्याच्यापुढे धरला. त्यानं भरला. ती प्याली.

नोल्फानं आपला पेला चुलीच्या कडेवर उपडा घातला, ठक्कन.

"बघ हां," एरिबेर्तो गेल्यावर ती म्हणाली. "ह्यो मानूस टोपी काढतो ती सोताची न्हाई, कारखान्याची काढतो."

"मानूस दारात आला, नोल्फा. भिजून आला."

"मग टॉवेल द्यायचा व्हता."

त्या हंगामापासून एरिबेर्तो दर हंगामात आला. ओतिलियानं दर वेळी पेला ओठाला लावला. ईस्टरला ती पट्ट्यावर, सान हुआनच्या सणाला ती पट्ट्यावर. आईच्या बेटावर होडीवाल्याबरोबर ती साखर पाठवायची, पीठ पाठवायची, मातेचा पाला, गुडघ्याला चोळायचं तेल. स्वतः तेवढी जायची नाही. आईचा निरोप यायचा, 'तेल पोचलं.' बाकी काही नाही.

ओतिलियाच्या मनात एक हिशेब पक्का होता. तो तिनं कधी उघड केला नाही, पण त्याच्यावरच ती तगून होती. इतके हात दिलेत आपण. आपली वेळ आली की आपणही जाऊ विनवणीला. मिंगाचा हात बुडत नाही. तिच्या बापाचा बुडला नव्हता, आजाचा बुडला नव्हता.

वेळ आली. हिवाळ्याच्या तोंडी होडीवाल्यानं निरोप आणला. क्लोरिंदा विहिरीपाशी पडली. कितीतरी वेळ चिखलात पडून होती. शेजारच्या सांदालियो नावेल्किनचं कुत्रं भुंकत सुटलं तेव्हा माणसं धावली. हाड मोडलं नाही, पण आता दोन काठ्यांशिवाय उभं राहता येत नाही. म्हातारीनं सांगितलं होतं, "पोरीला म्हनावं, ये. बटाटं काढू लाग आन् मला घिऊन जा. ह्या हिवाळ्यात एकटीनं न्हाई निभत."

बटाटे जमिनीत सोडून म्हातारी हलणार नाही, हे ओतिलियाला सांगायला नको होतं. म्हणजे बटाटे काढायचे, घर बंद करायचं, आईला होडीत घालून आणायची. त्यासाठी एका होडीनं जायचं आणि पुढच्या आठवड्याच्या होडीनं यायचं. एवढीच रजा हवी होती. पण तेव्हाच मासा भरून आला होता.

नोल्फा म्हणाली, "विचारू नगंस. जा. आल्यावर भांडू."

"असं कसं? रीत हाय."

तिनं आपल्या खुराड्यातली सगळ्यात चांगली कोंबडी कापली, लसूण लावून भाजली, पांढऱ्या फडक्यात बांधली, आणि चिचाचा बुधला घेऊन मुकादमाच्या घरी गेली. दारात उभी राहून म्हणाली, "एरिबेर्तोभाऊ, विनवणी घेऊन आलेय."

एरिबेर्तो जेवायला बसत होता. तो उठला. क्षणभर बावरला, कारण इतक्या वर्षांत हे उलटं कधी झालं नव्हतं. पण त्याच्या बायकोनं फडकं सोडलं, वास घरभर पसरला, आणि सवयीनं त्याचा हात पेल्याकडे गेला. ओतिलियानं आईचं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग प्याला. कोंबडीची तंगडीही खाल्ली.

"जा बाई," तो म्हणाला. "आईपरीस काय मोठं?"

परतताना ओतिलिया पावसात चालली नाही, तरंगली. नोल्फाच्या दारावर थाप मारून म्हणाली, "प्याला! बघ, प्याला तो!"

नोल्फा तिच्याकडे बघत राहिली. "कोंबडी समदी खाल्ली का?"

"तंगडी खाल्ली."

"मग तेवढाच शब्द दिलाय त्यानं. तंगडीएवढा."

होडी सुटायच्या आदल्या दिवशी, पाळी सुटल्यावर, ओतिलिया पोतं बांधत होती. दारात एरिबेर्तो. काखेत बुधला. चेहरा असा की मयताला जाऊन आलाय.

"समुद्रात शेवाळ उठलंय," तो म्हणाला. "मासा गुदमरायच्या आत काढायचा म्हंतात. समुद्रातल्या पिंजऱ्यांतला समदा एकदम. साहेब म्हंतो जो येनार न्हाई त्यो पुन्यांदा येऊच नगं. मी तुजं सांगितलं गं. आई शपत सांगितलं. त्यो म्हनला, कुठली कोंबडी?"

ओतिलियानं पोत्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"मी दिला तो माझा शब्द व्हता, ओतिलियाबाई. कारखान्याचा शब्द माझ्या खिशात न्हाई. एक आठवडा. पुढल्या होडीनं मी स्वतः तुला बसवून देतो. मला पट्टा भरून दावायचाय, न्हाईतर मीबी घरी." आणि मग त्यानं टोपी काढली. "विनवणी घेऊन आलोय."

नोल्फा शेजारून आली होती ती दारातच थांबली. तिनं ऐकलं होतं. "ओतिलिया," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, "पेला उपडा घाल. एकदा. तुझ्या आईच्यान्."

चुलीत ओलं लाकूड फसफसत होतं. ओतिलियानं त्या भिजलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या टोपीतून पाणी तिच्या घासलेल्या जमिनीवर पडत होतं. तिला आई दिसत नव्हती असं नाही. आई दिसत होती, दोन काठ्यांवर, धक्क्याकडे बघत. पण आई लांब होती आणि हा समोर होता. आई म्हणजे घर. घराला थांब म्हणता येतं. घर रागावतं, पण दारात टोपी काढून उभं राहत नाही.

तिनं पेला पुसला.

नोल्फा निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. ओतिलियाला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

होडीवाल्याबरोबर पीठ गेलं, तेल गेलं, निरोप गेला, 'पुढल्या होडीनं येते.' पुढल्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला आणि बंदर बंद झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही बंद. धक्क्यावर होड्या एकमेकींवर आदळत होत्या. ओतिलिया पट्ट्यावर काटे उपसत होती. मासा एवढा येत होता की पाळीतून पाळी निघे. एकदा तिच्या तोंडातून दाढेचा तुकडा निघाला. तो तिनं हातमोज्यात लपवला आणि पुढचा मासा ओढला.

वारा पडला त्या दिवशी पहिल्या होडीनं सांदालियो नावेल्किन आला. ओतिलियानं खिडकीतून त्याला वर चढताना पाहिलं. मेली, असंच वाटलं तिला. पण म्हाताऱ्याच्या हातात पांढरं फडकं होतं, आणि खांद्याला बुधला.

"या काका, आत या. चुलीपाशी बसा. आई...?"

"हाय. बरी हाय." तो आत आला नाही. दारातच थांबला. लोकरीची टोपी काढली. त्याची नजर जमिनीवर होती, जणू पाठ केलेलं विसरेल म्हणून.

"क्लोरिंदा चिग्वायबाईंकडनं विनवणी घेऊन आलोय."

ओतिलिया हसली. हसण्यासारखंच होतं ते. "काका, थट्टा करता व्हय? आई मला कशाला विनवील? मी का परकी हाय?"

सांदालियो हसला नाही. "बटाटं काढायचंत. मिंगा घातलीय. वाड्यावस्तीवरची समदी येनार. सवड असंल तर तुमीबी यावं, असं म्हनली. जेवान हाय. आन् जाताना पोतं, समद्यांना देतात तसं."

समद्यांना देतात तसं.

ओतिलियाचं हसू तिथंच थिजलं. मग तिला जे एकच येत होतं, तेच तिनं केलं. फळीवरचा पेला काढला, पुसला, म्हाताऱ्यापुढे धरला. त्यानं भरला. आईच्या परसातल्या सफरचंदांची चिचा, आंबट, जरा धुरकट. ती एका दमात प्याली, आणि कारखान्याला न सांगता त्याच होडीनं गेली. इतक्या वर्षांत प्रथमच तिनं कुणाला न विचारता पाळी मोडली होती, आणि तेही कुणीतरी विनवलं म्हणूनच.

आउचालवर पाऊस नव्हता. रानात माणसं वाकलेली होती. क्लोरिंदा दारात दोन काठ्यांवर उभी होती, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून, पाहुणे यायचे असले की बांधते तसा.

"या, ओतिलियाबाई," ती म्हणाली. "लई उपकार झालं. बसा, दमला असाल."

"आई, असं काय करतीस गं?"

"माते घ्या आधी."

तिनं ओतिलियाला खुर्चीवर बसवलं. चुलीजवळच्या बाकावर नाही. तो बाक घरच्यांचा. लहानपणी ओतिलिया त्याच बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपायची. आता तिथं सांदालियोची बायको कांदा चिरत होती.

दिवस मावळेपर्यंत ओतिलियानं कुदळ चालवली. जांभळे, लांबट, डोळेदार बटाटे काळ्या मातीतून वर आले. बायका एकमेकींना टोमणे मारत होत्या, कुणाच्या नवऱ्याचं नाक कुठल्या बटाट्यासारखं यावरून हसत होत्या. ओतिलियाशी त्या चांगल्या बोलल्या. पाहुण्याशी बोलतात तसं.

जेवणात तिला पहिलं ताट मिळालं. मांसाचा मोठा तुकडा तिच्या ताटात. तिनं तो गालात धरला. क्लोरिंदा पाहत होती.

"डाव्या अंगानं खाता येत न्हाई?" म्हातारीनं विचारलं.

"कुठं काय."

मग माणसं पांगली. सांदालियो बाहेर पोती शिवत होता. ओतिलिया खुर्चीवरून उठली आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसली. "आई, चल. बंदर बंद व्हतं म्हनून उद्याबी होडी हाय. मी तुला न्यायला आलेय."

"तू मिंगाला आलीस," क्लोरिंदा म्हणाली. आता आवाज आईचा होता, पण थकलेला. "ऐक. मी रागानं न्हाई केलं हे. किती सांगावं धाडलं म्या. पोर म्हनून हाक मारली की तू तेल धाडतीस. मग म्या म्हनलं, हिला घरची हाक ऐकू येत न्हाई, हिला परक्याची विनवनी ऐकू येती. सोभाव हाय ज्याचा त्याचा. तुझी मान म्याच घडवली, म्या न्हाई वळखनार? मग म्या परकी झाले. झाले आन् तू आलीस. बघ, आलीस का न्हाई?"

"आता पुन्यांदा घरची हो."

"त्ये तसं मागं फिरत न्हाई, पोरी. विनवलेल्या मानसाच्या घरात ऱ्हायला कुनी जातं व्हय?" म्हातारीनं काठीचं टोक चुलीतल्या लाकडाला लावून ते आत ढकललं. "मी सांदालियोच्या घरात चाललेय. बटाटं त्यांच्याच तळघरात जायचं. त्याची बाईल हाक मारली की येती. तिला कायबी दुसरं काम नसतं असं न्हाई. पन येती."

ओतिलियानं रडायला हवं होतं. नोल्फा असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, आईला उचलून होडीत टाकलं असतं, शिव्या देत. ओतिलिया म्हणाली, "बरं."

निघताना तिला पोतं मिळालं, इतरांच्या पोत्यांएवढंच, त्याच सुतळीनं शिवलेलं. होडीत ती पोत्याला धरून बसली. धक्क्यावर कुणी उभं नव्हतं.

तिला वाटलं होतं, काम गेलं. पण एरिबेर्तोनं साहेबाला ओतिलिया तापानं फणफणली आहे असं सांगून निभावून नेलं होतं. पट्ट्यावर तो तिच्या कानाशी लागून म्हणाला, "तुजा हात परत केला बरं का. फिटली सावड." नोल्फानं ऐकलं. शिवी द्यायला तोंड उघडलं, ओतिलियाकडे पाहिलं आणि मिटलं.

त्याच आठवड्यात एरिबेर्तो पुन्हा बुधला घेऊन दारात आला. बाहेर पावसाची झड होती. ओतिलियानं बटाटे चुलीवर चढवले होते, सालीसकट. तिनं त्याला बसायला सांगितलं आणि ताटलीत वाफाळते बटाटे वाढले, वर मीठ. त्यानं एक फोडला, फुंकर मारून खाल्ला. मग दुसरा.

"लई ग्वाड," तो म्हणाला. "कुठलं गं हे?"

"एका बाईंकडं मिंगाला गेल्ते. वाट्याचं मिळालं."

"वळखीच्या?"

ओतिलियानं मान वर-खाली हलवली, आणि फळीवरचा पेला काढून पुसायला घेतला.